तराजूच्या न्यायाने बोटी उचलणारे फॉलकर्कचे चाक

स्कॉटलंडमधील फॉलकर्क शहराजवळ एक महाकाय पोलादी चाक बोटींना पाण्यासह उचलून एका कालव्यातून दुसऱ्या कालव्याकडे नेते. 'फॉलकर्क व्हील' नावाची ही फिरती बोट-लिफ्ट २४ मे २००२ रोजी ब्रिटनच्या तत्कालीन राणी एलिझाबेथ द्वितीय यांच्या हस्ते सुरू झाली.

येथील फोर्थ-क्लाइड कालवा १७९० मध्ये, तर एडिनबराकडे जाणारा युनियन कालवा १८२२ मध्ये खुला झाला. युनियन कालवा सुमारे ३५ मीटर अधिक उंचीवर आहे. पूर्वी ११ 'लॉक', म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेले जलकक्ष, त्यांना जोडत. एकेका कक्षात पाणी भरत किंवा सोडत बोट पुढे सरके. त्यात दिवसाचा मोठा भाग जाई आणि पाणीही पुष्कळ लागे. १९३३ मध्ये हे लॉक वापरातून गेले आणि ग्लासगो-एडिनबरा जलमार्ग तुटला. तो पुन्हा जोडण्यासाठी हे चाक उभारण्यात आले.

चाकाच्या दोन भुजांवर समोरासमोर दोन हौद आहेत. बोट हौदात शिरल्यावर कालव्याचा व हौदाचा असे दोन्ही दरवाजे बंद होतात आणि चाक अर्धा फेरा घेते. वरचा हौद खाली येतो, त्याच वेळी खालचा वर जातो.

एका हौदात बोट आणि दुसरा रिकामा असला, तरी समतोल ढळत नाही. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तरंगणारी बोट स्वतःच्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारते. त्यामुळे दोन्ही हौदांतील पाण्याची पातळी समान ठेवली की त्यांचे वजनही समान राहते. मोटारींना बोटीचे ओझे उचलावे लागत नाही, केवळ घर्षणासारख्या अडथळ्यांवर मात करावी लागते. म्हणूनच शेकडो टनांचा हा भार अर्धा फेरा फिरवण्यास अवघी दीड युनिट वीज पुरते. फिरताना हौद कलू नयेत, यासाठी दातेरी चाकांची साखळी त्यांना सतत आडवे ठेवते.

चाक बोटीला २४ मीटर वर नेते. तेथून उन्नत जलसेतू आणि बोगदा पार केल्यावर उरलेली ११ मीटर उंची ती दोन लॉकमधून चढते व युनियन कालव्यात पोहोचते. सुमारे सात दशके तुटलेला जलमार्ग अशा रीतीने पुन्हा सलग झाला.