पाहुण्यांची किल्ली

आमच्या पांढरकवड्याच्या घराच्या भिंती दीड हात जाडीच्या आहेत. आजोबांनी दगड-मातीत बांधलेल्या. वर पूर्वी कवेलू होते, वडिलांच्या काळात टिना आल्या. भिंती मात्र त्याच राहिल्या. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना या भिंतींच्या आत माणूस माणसात राहतो, हे त्यांचे उपकार. त्यांचा दोष मला कळला तो वयाच्या बासष्टाव्या वर्षी, २०२२ च्या एप्रिलमध्ये. त्यांच्यातून इंटरनेट जात नाही.

बँकेतली नोकरी संपवून आम्ही दोघे गावी परतलो, तेव्हा इंटरनेट ही आमच्या लेखी मोबाईलमध्ये असणारी वस्तू होती. दिवसा ती बरी चाले. रात्री नऊनंतर सारे गाव एकदम मोबाईल उघडून बसले, की पुण्याच्या नातवाचे तोंड पडद्यावर उघडेच राहायचे आणि आवाज मागाहून यायचा. इकडे प्रकाशकांनी कादंबरीची मुद्रिते टपालाने पाठवणे कधीच बंद केले होते. "सर, मेलवर पीडीएफ टाकलीय, दोन दिवसांत बघून द्या." चारशे पानांची मुद्रिते तळहाताएवढ्या काचेवर तपासणारा लेखक अजून जन्मायचा आहे. शेवटी घरापर्यंत फायबरची तार घ्यायचे ठरले.

तार आणणारा मुलगा चटपटीत होता. खांबावरून केबल ओढली, ओसरीच्या भिंतीत भोक पाडले, दोन शिंगांची एक पांढरी डबी टांगली, माझ्या मोबाईलवर चार टिचक्या मारल्या आणि "झालं काकाजी, चालू हाये," म्हणून पुढच्या घरी गेलासुद्धा. मोबाईल खरोखरच पळू लागला. पण माझा संगणक आतल्या खोलीत, टेबलावर, दहा वर्षांचा म्हातारा. त्याला बिनतारी भाषा येतच नव्हती.

ज्यांच्या घरी असा जुना संगणक आहे त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर सांगतो. लॅपटॉपच्या पोटात वाय-फायची सोय असते. टेबलावरच्या जुन्या संगणकात बहुधा नसते. मग दोन वाटा. राऊटर म्हणजे ती पांढरी डबी. तिच्यापासून संगणकाच्या पाठीपर्यंत सरळ तार ओढायची. ही सर्वांत भरवशाची वाट. पण सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेल्या दोन भिंती फोडायला सौ.ने साफ नकार दिला. दुसरी वाट म्हणजे नखाएवढी डोंगल, ती संगणकाच्या यूएसबीत खोचायची. मी ती मागवली. खोकीत डोंगलबरोबर एक छोटी तबकडी होती. तबकडीत डोंगलचा 'ड्रायव्हर', म्हणजे संगणकाला तिची ओळख करून देणारी प्रणाली. माझ्या संगणकाचा तबकडी वाचणारा भाग केव्हाच निवर्तलेला. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिले होते, तबकडी चालत नसेल तर ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्यावा.

म्हणजे इंटरनेट मिळवायला इंटरनेट हवे. मला आमचे जुने दिवस आठवले. तेव्हा बँकेत खाते उघडायचे तर कुणा जुन्या खातेदाराची ओळख लागे. नव्याने गावात आलेला शाळामास्तर काउंटरपाशी उभा राहून विचारायचा, "साहेब, मी इथे कुणालाच ओळखत नाही, मग ओळख आणू कुणाची?" आणि आम्ही नियमावर बोट ठेवून गप्प. त्या मास्तरांचा शाप असा चाळीस वर्षांनी फळला.

चिरंजीवांनी पुण्याहून फोनवर तोड काढून दिली. मोबाईल त्याच्या चार्जिंगच्याच वायरने संगणकाला जोडायचा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करायचे. तेवढ्यापुरता मोबाईल ओळख देणाऱ्या खातेदाराचे काम करतो. ड्रायव्हर उतरला, संगणक एकदा बंद करून चालू केला, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पंख्यासारखे ते चिन्ह उगवले. त्यावर टिचकी मारताच गल्लीतल्या घराघरांची नावे एकाखाली एक आली, मतदार यादीसारखी. त्यात आमचेही होते. परवलीचा शब्द टाकला. जोडणी झाली, पण पंख्याची एकच पाकळी उजळली.

डबी ओसरीच्या टोकाला, संगणक दोन भिंतींपलीकडे, आणि मधल्या खिडकीत नुकताच बसवलेला कूलर. कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, पाण्याची टाकी आणि तीन बाजूंना ओले वाळे. धातू या लहरी परतवतो आणि पाणी त्या गिळते. वाय-फाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलते, त्याच पट्ट्यात आपली मायक्रोवेव्ह भट्टी अन्नातले पाणी तापवते. फरक फक्त ताकदीचा, पण तो हजारो पटींचा. डबीत ५ गिगाहर्ट्झचाही एक मार्ग असतो. तो वेगवान खरा, पण जाड भिंतींपुढे तो २.४ हून लवकर दमतो. म्हणून जुन्या घरात संगणकासाठी २.४ चाच मार्ग निवडावा, डबी उंचावर आणि घराच्या मध्याशी ठेवावी, लोखंडी कपाट, आरसा आणि कूलर यांच्यापासून लांब. हे मी डबी हातात धरून घरभर फिरत शिकलो. सौ. म्हणाली, "आरती ओवाळल्यासारखे काय फिरता?" शेवटी माजघराच्या दारावरची फळी सापडली. दार उघडे ठेवले की तिथून तीन पाकळ्या उजळत.

ही फळी म्हणजे वडिलांच्या रेडिओची जागा. त्या रेडिओचा परवाना असे, पोस्टातून मिळणारे छोटे पुस्तक. वर्षाला पैसे भरायचे आणि त्यावर तिकीट लावून घ्यायचे. बिनतारी यंत्र बाळगायला परवाना लागे, असा तो १९३३ चा कायदा होता. घरच्या रेडिओची त्यातून सुटका झाली ती ऐंशीच्या दशकात. वाय-फायच्या लहरीही याच कायद्याच्या कक्षेत येत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यातून मोकळे करणारी अधिसूचना केंद्र सरकारने काढली ती जानेवारी २००५ मध्ये. तसे पाहिले तर भिंतीपलीकडे लहर पाठवण्याचा प्रयोग आपल्याच देशात १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये करून दाखवला होता. पलीकडच्या खोलीत त्यांनी घंटा वाजवली होती. त्यांच्या वेळी कूलर नव्हता, एवढेच. असो.

जोडणीची कथा इथे संपायला हवी होती. खरी सुरुवात इथेच झाली.

आमच्या घराला लागून एक कुटुंब राहते. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामी कामाला, आई मजुरीला. घरात एकच मोबाईल, तो वडिलांच्या खिशात. संध्याकाळी ते आले की मुलीच्या हातात. मुलगी तेव्हा नुकतीच अकरावीला गेली होती. एका संध्याकाळी ओसरीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. "काकाजी, पासवर्ड देता का जी? भौतिकशास्त्राचे व्हिडिओ पाहाचे होते. रिचार्ज संपलं."

मी दिला. देताना मनात कुठलाही मोठेपणा नव्हता. होती ती एक पाटी. नोकरीच्या उत्तरार्धात मी एका आडगावच्या शाखेत होतो. छपरावर उपग्रहाकडे तोंड केलेली तबकडी. आभाळ भरून आले की लहरी पावसात विरायच्या आणि सारे व्यवहार ठप्प. आमचा शिपाई दारात पाटी लावायचा, 'लिंक नाही'. जून महिना, पेरणी तोंडावर, आणि पीककर्जाचे पैसे काढायला पंधरा-वीस किलोमीटरवरून आलेला माणूस ती पाटी वाचून ओट्यावर बसून राहायचा. ज्या पावसाची तो वाट पाहत होता, त्याच पावसाने त्याचे पैसे अडवलेले. त्या माणसांच्या तोंडाकडे बघणे मी अनेक वर्षे टाळले. पासवर्ड मागणाऱ्या पोरीला नाही म्हणणे मला शक्यच नव्हते.

एकीचे चार झाले. संध्याकाळी ओसरीच्या पायऱ्यांवर पोरे पुस्तके-मोबाईल घेऊन बसू लागली. सौ. कधी मुरमुऱ्याचा चिवडा ठेवायची. छान चालले होते. मग नवरात्राच्या सुमारास लक्षात आले, की रात्री अकरानंतर समोरच्या खांबाखाली मोटारसायकली थांबतात. पोरे नव्हेत, बाप्ये. ओळखीचे नव्हेत. मोबाईलच्या उजेडात खाली वाकलेले चेहरे. आमचा पासवर्ड चौकातल्या पानठेल्यापर्यंत पोचला होता.

माझी झोप उडाली, त्याला कारण होते. २००८ मध्ये मी बदलीवर नवी मुंबईत, वाशीला राहत होतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसे गेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलीस त्याचा माग काढत पोचले ते आमच्या शेजारच्या सानपाड्यात, एका अमेरिकी नागरिकाच्या फ्लॅटवर. त्याच्या घरचे वाय-फाय उघडे होते, परवलीचा शब्द नाही. कुणीतरी बाहेरून ते वापरून मेल पाठवला होता. त्याची चौकशी झाली, संगणक जप्त झाले, पुढे तो निर्दोष ठरला. ऑगस्टमध्ये तशाच मेलचा माग माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वाय-फायपर्यंत गेला, सप्टेंबरात चेंबूरच्या एका कंपनीपर्यंत. पुढे मुंबईचे पोलीस उघड्या जोडण्या शोधत रस्त्यांवर फिरू लागले, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित करण्याच्या सूचना इंटरनेट कंपन्यांना दिल्या.

यातले तंत्र साधे आहे. घरात दहा मोबाईल जोडलेले असले तरी बाहेरच्या जगाला दिसतो तो सगळ्या घराचा एकच पत्ता. पाकिटावर मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचे नाव असते ना, तिथे प्रत्येक वेळी माझेच नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणकावर बसलो आणि पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ हे आकडे टाकून डबीच्या आतल्या पानावर गेलो. तिथे शिरायला वेगळा परवलीचा शब्द लागतो. तो अजून कारखान्यातून आला तसाच होता, 'अॅडमिन', जगातल्या कुणालाही ठाऊक असलेला. म्हणजे इतके महिने मी स्ट्राँगरूमची किल्ली कुलपालाच बांधून ठेवली होती. नोकरीत मी स्ट्राँगरूमच्या दोनांपैकी एक किल्ली सांभाळत असे. एकट्याने तिजोरी उघडायची नाही. रजेवर जाताना वहीत सही करून किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची. जादाची किल्ली दुसऱ्या शाखेत ठेवायची. त्या माणसाच्या घरी हा प्रकार! दोन्ही शब्द बदलले. सुरक्षेच्या रकान्यात 'ओपन' नाही आणि जुनाट 'डब्ल्यूईपी'ही नाही, 'डब्ल्यूपीए-२' निवडले. शब्द डायरीत लिहून डायरी सौ.च्या कपाटात ठेवली. सगळे अगदी नियमाप्रमाणे.

पोरांना सांगायचे मात्र राहून गेले. राहून गेले म्हणतो, पण खरे म्हणजे मी टाळले. सांगितले असते तर त्यांनी नवा शब्द मागितला असता.

संध्याकाळी ती मुलगी पायरीवर आली. मी आतून पाहत होतो. तिने मोबाईल बंद करून चालू केला, दोनदा केला, काच ओढणीने पुसली. मग उठून भिंतीच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन उभी राहिली. तिला वाटले मोबाईलच बिघडला. मी हाक मारली नाही. थोड्या वेळाने ती गेली. बाकीची पोरेही पांगली, आणि दुसऱ्या दिवसापासून ओसरी रिकामी.

आठवड्याने सौ.ने जेवताना विचारले, "तिचा शिष्यवृत्तीचा फॉर्म राहिला म्हणे, ठाऊक आहे तुम्हाला?" महाडीबीटीच्या संकेतस्थळावरचा अर्ज. ती ज्या संध्याकाळी पायरीवर आली, ती शेवटच्या तारखेची संध्याकाळ. वडील आठ वाजता घरी आले, मग दोघे बसस्टँडकडच्या ऑनलाइन सेंटरवर गेले, तोवर शटर पडलेले. पुढे सरकारी रिवाजाप्रमाणे मुदत वाढली आणि तिने अर्ज भरला. पण ती मुदतवाढ माझ्या पुण्याईच्या खात्यात जमा धरता येत नाही.

मी पुन्हा डबीच्या पानावर गेलो. त्यात 'गेस्ट नेटवर्क' असा एक रकाना होता, पहिल्या खेपेस मी तो न वाचताच पुढे गेलो होतो. त्याने त्याच तारेवर वेगळ्या नावाची, वेगळ्या शब्दाची दुसरी जोडणी तयार होते. पाहुणे इंटरनेट वापरतात, पण माझ्या संगणकापर्यंत त्यांना येता येत नाही. ओसरी वेगळी, माजघर वेगळे. आमच्या डबीत वेळही लावता येते. मी रात्री दहाला बंद होईल अशी लावली, मोटारसायकली आपोआप आटल्या. मात्र एक गोष्ट ही सोय सोडवत नाही, ती वाचकांपासून लपवणार नाही: पाहुण्यांच्या दारातून गेलेल्या पत्रावरही पाठवणारा म्हणून माझेच नाव असते. त्याला यंत्रात उपाय नाही. कुणाला द्यायचे हे माणूस बघूनच ठरवावे लागते, आणि तेवढी जोखीम मी घेतली. कर्ज देताना तरी दुसरे काय करत होतो?

मग मीच तिच्या घरी गेलो. ती चुलीपाशी होती. म्हटले, "मोबाईल बिघडला नव्हता बाई. मी शब्द बदलला होता, आणि तुला सांगितलं नाही." ती काही बोलली नाही. तिची आई म्हणाली, "असू द्या जी, तुमचंच आहे ते." या वाक्याने मला जे लागले, ते तिला लागावे असे वाटत नव्हते हे मला ठाऊक आहे.

तेव्हापासून दर एक तारखेला पाहुण्यांचा शब्द बदलतो. चिठ्ठ्या लिहितो, पोरे येऊन आपापली घेऊन जातात आणि वहीत सही करतात. सौ. हसते. जुनी सवय, दुसरे काय.

ती मुलगी आता यवतमाळला शिकते. गेल्या दिवाळीत आली तेव्हा चिठ्ठी घेता घेता म्हणाली, "काकाजी, डबीचं सॉफ्टवेअर अपडेट केलं होतं का कधी?" असे काही करायचे असते हेच मला माहीत नव्हते. ती माजघरात माझ्या खुर्चीवर बसली आणि काय काय टिचक्या मारू लागली. फळीवरच्या डबीचे हिरवे दिवे विझले. ओसरीवरून कुणा पोराची आरोळी आली, "काकाजी, लिंक गेली!"

"थांब रे पाच मिनिटं," ती आतूनच ओरडली.