पोथीचं अस्तर आणि बुऱ्हाणपूरचा रुमाल

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आत गेलात तर एक गोष्ट आवर्जून शोधा. तिथे अरबी लेखासोबत एक संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. खानदेशचा सुलतान आदिलशाह फारुकी याच्या काळातला हा लेख फारुकी घराण्याची वंशावळ सांगतो आणि मग बांधकामाचा काळ देतो: विक्रम संवत 1646, शके 1511. पुढे महिना, तिथी, वार आणि नक्षत्रही येतं. खगोलगणिताच्या दृष्टीने हा फार मोलाचा ऐवज आहे. नुसतं साल कोरलं असतं तर चुकीचा संशय घेता आला असता. पण तिथी, वार आणि नक्षत्र हे तिन्ही एकाच दिवशी जुळायला लागतात. गणित मांडलं की 1590 सालच्या जानेवारीचा आरंभ हाती येतो. दगडाने आपला जन्मदाखला स्वतःच लिहून ठेवला आहे.

अशीच सवय हजारभर कोस दूर, आर्मेनियाच्या लेखनिकांना होती. पोथी लिहून झाली की शेवटच्या पानांवर ते लिहीत: मी अमुक, तमुक मठात, तमुक सालात, अमक्याच्या सांगण्यावरून हे लिहिलं. त्या वर्षी दुष्काळ पडला असेल, लढाई झाली असेल, तर तेही. आपल्याकडच्या पोथ्यांना पुष्पिका असते तीच ही गोष्ट. आर्मेनियन भाषेत तिला ‘हिशातकरान’ म्हणतात, म्हणजे आठवण. या आठवणी वाचण्यात एका बाईने सगळं आयुष्य घातलं. तिचं नाव सिरारपी देर नेरसेसियान.

तिचा जन्म 1896 चा, कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा. मामा मलाकिया ओरमानियान हे तिथल्या आर्मेनियन चर्चचे धर्मप्रमुख होते. आई लहानपणीच गेली, पुढे वडीलही गेले. एप्रिल 1915 मध्ये त्याच शहरात आर्मेनियन लेखक-विचारवंतांची धरपकड झाली आणि एका संपूर्ण समाजाचा संहार सुरू झाला. सिरारपी आणि तिची बहीण अराक्स, दोघी आधी बल्गेरियात आणि तिथून जिनिव्हाला निसटल्या. 1919 मध्ये पॅरिस. ज्या मठांत त्या पोथ्या लिहिल्या गेल्या, त्यांतले कितीतरी त्या काही वर्षांत उद्ध्वस्त झाले. वाचलेल्या पोथ्या व्हेनिस, डब्लिन, वॉशिंग्टन, बाल्टिमोर अशा विखुरल्या. सिरारपीने त्या ठिकाणी जाऊन एकेक पोथी उघडली, पानं मोजली, चित्रं टिपली आणि सूची तयार केल्या. घर गमावलेल्या मुलीने आपल्या लोकांचा कागदोपत्री पुरावा पुन्हा जुळवला, असंच मी याकडे पाहतो.

1930 पासून ती अमेरिकेत वेलस्ली कॉलेजात शिकवत होती, 1946 पासून वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स संस्थेत. 1963 मध्ये निवृत्त होऊन ती बहिणीकडे पॅरिसला परतली, पण काम थांबलं नाही. सिलिशियाच्या आर्मेनियन राज्यातल्या चित्रांवरचा तिचा दोन खंडांचा ग्रंथ 1993 मध्ये निघाला. तेव्हा तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

आपल्या दृष्टीने तिचं सगळ्यात जिव्हाळ्याचं काम मात्र सुरुवातीच्या काळातलं आहे. डॉक्टरेटसाठी तिने बारलाम आणि योआसाफ यांच्या कथेची चित्रं निवडली. हा योआसाफ एक राजपुत्र. बाप त्याला दुःख दिसू नये म्हणून महालात कोंडून ठेवतो. तरी त्याला रोगी दिसतो, म्हातारा दिसतो, आणि तो राज्य सोडून जातो. ओळखलंत ना? ही सिद्धार्थाची कथा. ती भारतातून इराणमार्गे अरबीत गेली, अरबीतून जॉर्जियन भाषेत, तिथून ग्रीकमध्ये, आणि बुद्ध चक्क ख्रिस्ती संत झाला. नावातसुद्धा माग सापडतो. बोधिसत्त्वाचं अरबीत ‘बूदासफ’ झालं. अरबी लिपीत शब्दाच्या आरंभी ‘ब’ला खाली एक टिंब, ‘य’ला दोन. कुणा लेखनिकाच्या हातून एक टिंब जास्त पडलं आणि ‘बूदासफ’चा ‘यूदासफ’, पुढे ‘योआसाफ’ झाला. बुऱ्हाणपूरच्या दक्षिणेला अजिंठ्यात पहिल्या लेण्यात जो बोधिसत्त्व कमळ धरून उभा आहे, त्याचं ‘बोधिसत्त्व’ हे बिरुद एका टिंबाने बदलून युरोपभर फिरलं.

कथा गेली त्या वाटांनी कापडही गेलं. 1604-05 मध्ये इराणच्या शाह अब्बासने अरास नदीकाठच्या जुल्फा गावचे आर्मेनियन व्यापारी उठवून इस्फहानजवळ वसवले. पुढच्या शंभर वर्षांत सुरत आणि आग्र्यात त्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. सुरत-आग्रा रस्त्यावरचं मोठं ठाणं म्हणजे बुऱ्हाणपूर. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये 1641 मध्ये याच रस्त्याने गेला. बुऱ्हाणपूरच्या तलम सुती कापडाबद्दल तो लिहितो की ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं; काही रंगीत, फुलांच्या नक्षीचं, आणि त्याच्या ओढण्या, पलंगपोस, रुमाल होतात.

आता आर्मेनियन पोथीची बांधणी बघा. लाकडी फळ्या, वर चामडं, आणि फळीच्या आतल्या बाजूला कापडाचं अस्तर. या अस्तरांत ठशांनी छापलेलं सुती भारतीय कापड वारंवार सापडतं. पोथीवर साल असतं, त्यामुळे बांधणी मूळचीच असेल तर अस्तराच्या काळाचाही अंदाज बांधता येतो. पण नक्षीवरून गाव ठरवू नये, नक्षीची नक्कल कुठेही होते. विचारायचं धाग्याला आणि रंगाला.

धाग्याचं तुम्ही घरीही करून पाहू शकता. सूत उभं धरा, भिंगातून बघा. तंतूंचा पीळ खालून डावीकडून वर उजवीकडे चढत असेल तर तो उजवा पीळ. भारतात हातसूत बहुधा असंच कातलं जाई, इजिप्तमध्ये उलटं. इजिप्तच्या जुन्या ढिगाऱ्यांत सापडलेले छापील तुकडे गुजरातेकडचे म्हणून ओळखताना हा पीळ फार कामी आला.

रंगाला प्रयोगशाळा लागते. दोन-तीन मिलिमीटरचा धागा पुरतो. त्यातला रंग द्रावणात उतरवून घटक वेगळे करतात आणि लाल रंग कुठला ते कळतं. मंजिष्ठेच्या मुळ्यांचा रंग वेगळा. मध्य भारतात पूर्वी पिकवल्या जाणाऱ्या आल या झाडाच्या मुळ्यांतून मोरिंडोन मिळतं. आपलं जाडं लाल कापड, खारवा, याच आलाने रंगे. लाखेच्या किड्यातून लॅकेइक आम्ल येतं. आणि आर्मेनियाचा स्वतःचा लाल रंग अरारतच्या मैदानात गवताच्या मुळांशी राहणाऱ्या किड्यापासून, त्यात कार्मिनिक आम्ल. म्हणजे एकाच पोथीत पानावरचा लाल अरारतचा आणि अस्तरावरचा लाल हिंदुस्थानचा असू शकतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसले तरी.

बुऱ्हाणपुरात आजही माग चालतात, आता विजेवरचे. तापीकाठच्या, खानदेशातल्या आणि वऱ्हाडातल्या कितीतरी मराठी घरांत जुन्या पोथ्या, वह्या, दप्तरं कापडात बांधलेली आहेत. त्या बांधणीलाच आपण रुमाल म्हणतो. दसऱ्याला पूजेच्या वेळी जुना, विटका रुमाल काढून नवा बांधावासा वाटेल. जरूर बांधा. पण जुना फेकू नका, धुऊ तर मुळीच नका, कारण पाण्याबरोबर रंगाचा पुरावा जातो. पातळ, पांढऱ्या सुती कापडात सैल घडी घालून ठेवा, सोबत चिठ्ठी ठेवा: कोणत्या पोथीचा, त्या पोथीवर साल काय. आणि जवळच्या संग्रहालयाला एकदा दाखवा.