दाबाने बसणारी पकड

धातूचे दोन तुकडे एकमेकांना जोडावयाचे तर माणसाने आजवर अनेक वाटा शोधल्या आहेत. रिवेट मारावी, पेच आवळावा, डाख द्यावा किंवा दोन्ही कडा वितळवून एकजीव कराव्या. याहून निराळी, आणि दिसावयास अगदी साधी, अशी आणखी एक वाट आहे. एक तुकडा दुसऱ्याच्या पोकळीत घालावयाचा व बाहेरचा तुकडा दाबून त्याने आतल्याला आवळून धरावयाचे. कारखान्यात याला क्रिंपिंग म्हणतात. यात ना डाख आहे ना पेच. सारी भिस्त पकडीवर. म्हणून ही पकड कशी टिकते आणि कशी सुटते, हे समजून घेतले पाहिजे.

या पकडीचे सर्वांत कसोटीचे उदाहरण म्हणजे बंदुकीचे काडतूस. पुण्याजवळ खडकी येथे 1869 पासून आणि जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे 1964 पासून दारूगोळ्याचे सरकारी कारखाने आहेत. पितळेची नळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी, ही काडतुसाची चार अंगे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे परवान्यावाचून काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे. परंतु काही देशांत नेमबाज मंडळी वापरलेल्या पितळी नळ्या पुन्हा भरतात, आणि त्यांना ज्या अडचणी येतात त्या फार बोधप्रद आहेत.

प्रश्न दोनच: गोळी किती खोल बसवावी, आणि किती घट्ट धरावी? गोळी ठरल्याहून खोल गेली तर आतील जागा कमी होते. पिस्तुलाच्या आखूड काडतुसात ही जागा मुळातच थोडी. त्यामुळे दारू तेवढीच असूनही दाब धोकादायक रीतीने वाढू शकतो. पकड ढिली राहिली तर निराळाच घोटाळा. पिस्तुलात काडतूस नळीत शिरताना गोळीचे टोक धडकते व ती मागे ढकलली जाते. रिव्हॉल्व्हरमध्ये उलट होते. एक बार उडाला की हत्याराला मागे हिसका बसतो, आणि उरलेल्या काडतुसांतील जड गोळ्या जडत्वाने पुढे सरकतात. मग चक्र फिरेनासे होते.

गोळी ढिली आहे म्हटल्यावर कोणीही म्हणेल, "मग अधिक दाबा." येथेच फसगत होते. शिसे मऊ आहे. दाबले की ते दबते आणि तसेच राहते. पितळेत मात्र लवचिकपणा आहे. दाब काढताच ते किंचित मागे उसळते. म्हणजे अति दाबाने आतली गोळी बारीक झाली, बाहेरचे पितळ परत फुगले, आणि पकड होती त्याहून सैल झाली! पिस्तुलाच्या काडतुसात खरी पकड काठाच्या दाबातून येत नाही. नळीचा आतील व्यास गोळीहून किंचित कमी राखलेला असतो, त्यातून ती येते. शिवाय 9 मिलिमीटर जातीचे काडतूस हत्यारात आपल्या तोंडाच्या काठावरच टेकते. तो काठ आत वळवला तर टेकणेच बिघडते.

आता ठाण्याच्या वागळे इस्टेटीकडे वळू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ 1 ऑगस्ट 1962 रोजी येथेच झाला. तेथील कित्येक कारखान्यांच्या जागी आज संगणकाच्या कामाच्या इमारती उभ्या आहेत. परंतु इमारत लेथची असो की संगणकाची, तिच्यात येणारी वीज जाड केबलीतून येते, आणि त्या केबलीच्या टोकाला दाबून बसवलेला लग असतो. वायरमन त्याला थिंबल म्हणतात. प्रश्न पुन्हा तेच दोन.

तार लगच्या नळीत शेवटपर्यंत गेली पाहिजे. आवरण जास्त सोलले तर उघडी तार बाहेर राहते. कमी सोलले तर आवरणच नळीत शिरते आणि दाब तांब्याऐवजी प्लास्टिकवर पडतो. बाहेरून सांधा नीटनेटका दिसतो, पण आत पकड नसते. दाब कमी पडला तर बारीक तारांमध्ये हवा राहते, गंज चढतो, रोध वाढतो. दाब अति झाला तर तारा चेपून तुटतात किंवा नळीला चीर जाते. ॲल्युमिनियमवर तर हवेत क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. म्हणून तार घासून, त्यासाठी असलेला लेप लावूनच ती बसवावी. ॲल्युमिनियमच्या तारेला नुसता तांब्याचा लग लावू नये. खाडीकाठच्या दमट हवेत दोन धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियम झिजते. तेथे दोन्ही धातूंचा जोडलग हवा.

याचे मोल हिशेबाने पाहा. चांगल्या सांध्याचा रोध काही मायक्रोओहम असतो. बिघडलेल्या सांध्याचा रोध एक सहस्रांश ओहम झाला व त्यातून 100 अँपियर प्रवाह गेला, तर तेथे 10 वॅट उष्णता निर्माण होते. 200 अँपियरला 40 वॅट. तापला की सांधा फुगतो, निवला की आकसतो, आणि रोज थोडा अधिक ढिला होतो. मुख्य धोका असा की, प्रवाह वाढलेला नसल्यामुळे फ्यूज जात नाही. टेपच्या आड आवरण करपते, आणि बाहेर कळते ते बहुधा धुराने.

म्हणून दोष शोधताना क्रम पाळावा. लग तारेच्या मापाचा व धातूचा आहे काय? डाय त्याच क्रमांकाची आहे काय? तार पूर्ण आत आहे काय? दाबाची संख्या व जागा बरोबर आहे काय? एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नमुन्याचा एक सांधा आडवा कापून पाहावा. तारा एकमेकींना चिकटून पोकळी नाहीशी झालेली दिसली पाहिजे. नंतर ओढून पाहावे, रोध मोजावा, आणि भार घातल्यावर तापमान पाहावे.

मोठ्या तारेसाठी लहान लग घेऊन काही तारा छाटणे, किंवा मोठा लग घेऊन तो हातोडीने ठोकणे, हे प्रकार कामाच्या घाईत घडतात. त्यांचा दोष केवळ वायरमनला देऊन चालणार नाही. योग्य मापाचे लग आणि दाब पुरा झाल्यावाचून न उघडणारे हत्यार त्याच्या हाती देणे हे मालकाचे काम आहे. पकड सुटली तर आधी माप तपासावे, जोर मागाहून लावावा. शंका आलेला लग कापून टाकून नवा बसवावयास काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ कामाच्या हिशेबात धरलेलाच असला पाहिजे.