विश्लेषण : अरबी समुद्रावरच्या हवेत बाष्प किती, हे कसे कळते?

जून उजाडला की राहाता तालुक्यातला शेतकरी आभाळ आणि मोबाइलवरचा हवामान अंदाज आळीपाळीने पाहू लागतो. पुरेशी ओल नसताना सोयाबीन पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. हा अंदाज बराचसा समुद्रावरच्या बाष्पाच्या हिशेबावर उभा असतो. तो हिशेब कसा मांडतात?

समुद्रावर थेट मोजणी का होत नाही?
जमिनीवर ठरावीक केंद्रांवरून दिवसातून दोनदा फुगे सोडून वरच्या हवेतली आर्द्रता मोजतात. समुद्रावर जहाजे आणि तरंगत्या बोया आहेत. पण त्या मोजक्या आणि त्यांची नोंद पृष्ठभागालगतच्या हवेची. म्हणून मदार उपग्रहांवर.

उपग्रह बाष्प कसे ‘पाहतो’?
बाष्प ठरावीक लहरी शोषते आणि उत्सर्जित करते. सूक्ष्मलहरींमध्ये २२ आणि १८३ गिगाहर्ट्झच्या आसपास त्याची खूण मिळते. २२ गिगाहर्ट्झला समुद्राचे पाणी ‘थंड’ दिसते, त्यामुळे वरच्या बाष्पाचे उत्सर्जन उठून दिसते. जमीन स्वतःच ‘उबदार’ दिसत असल्याने तिथे ही रीत फारशी चालत नाही. १८३ गिगाहर्ट्झवरून वेगवेगळ्या उंचीवरच्या थरांची आर्द्रता काढता येते. भारत-फ्रान्सच्या ‘मेघा-ट्रॉपिक्स’ उपग्रहावर (२०११) याचसाठी ‘सफीर’ हे उपकरण होते.

‘इन्सॅट-३डीआर’ (२०१६) आणि ‘इन्सॅट-३डीएस’ (२०२४) या उपग्रहांवर १९ वाहिन्यांचे ‘साउंडर’ आहे. ते मुख्यतः अवरक्त किरणांवर चालते, त्यामुळे दाट ढगांखालचे त्याला दिसत नाही. सूक्ष्मलहरी ढग भेदतात, पण जोरदार पावसात त्यांचेही गणित बिघडते. म्हणजे हाती येतो तो अंदाज, थेट मोजमाप नव्हे.

आकडा काय सांगतो?
डोक्यावरच्या हवेतले सगळे बाष्प पाणी होऊन साचले तर किती मिलिमीटर भरेल, असे हे मोजमाप असते. पावसाळ्यात पूर्व अरबी समुद्रावर ते ५० ते ६० मिमीच्या आसपास जाते. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी विभाग सांगतो. म्हणजे हे सगळे बाष्प एकदम कोसळले तरी पेरणीपुरता पाऊस होत नाही. बाष्प किती, याइतकेच वारा ते किती वेगाने आणि किती दिवस आणत राहतो, हेही महत्त्वाचे.

मग राहात्यात पाऊस का चुकतो?
समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना कोकणात आणि घाटमाथ्यावर बरसतात. पलीकडे उतरणारी हवा तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते. राहाता या पर्जन्यछायेत आहे. त्यामुळे ‘अरबी समुद्रात बाष्प वाढले’ ही बातमी कोकणासाठी पावसाची असली, तरी राहात्यात ती पेरणीची खूण नव्हे. तिथे शेवटचा निकाल गावातले पर्जन्यमापक आणि रानातली ओलच देते.