मिल की एमओए? दुर्बिणीची चकती फिरवण्याआधी

रायपूरच्या पंडरीत कापड मीटरवर मोजतात. तिथल्या नेमबाजीच्या शौकिनाला रायफलच्या दुर्बिणीवरचं मिल हे कोनाचं माप चटकन पटावं. १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. निशाणा सरकवणाऱ्या चकतीचा एक क्लिक बहुधा ०.१ मिलचा, म्हणजे तिथे १ सेंटिमीटर. एमओए (मिनिट ऑफ अँगल) हे दुसरं माप मात्र १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर, पाव एमओएच्या क्लिकांचा हिशेब करताना डोकं शिणतं. रेटिकलच्या, म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या निशाण्याच्या रेघांच्या, खुणा एका मापात आणि चकती दुसऱ्यात असेल, तर ती दुर्बीण न घेतलेलीच बरी.

फर्स्ट फोकल प्लेनची रेटिकल झूमबरोबर लहानमोठी होते, त्यामुळे खुणांचं माप कुठल्याही झूमवर खरं. सेकंड फोकल प्लेनमध्ये ते एका ठरावीक झूमवरच जुळतं.

अशा दुर्बिणीनं शिकार? १९९१ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात हौशी शिकारीला जागाच नाही. भारतातले शेवटचे मानले जाणारे तीन चित्ते आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी टिपले होते. आता निशाणा कागदी.

आणि तिथेही दुर्बीण लागतेच असं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य ४५१.४ गुणांनी जिंकलं, ते बारीक छिद्राच्या साइटवर. क्लिकच्या चकत्या मात्र तिलाही असतात: एक वर-खाली, एक डावी-उजवी.