चार चौकटींत आपली गोष्ट



मदतकार्याच्या पत्रकांत आदिवासी मुलांचे फोटो आपण नेहमी पाहतो. फोटोत काय यावे हे कॅमेरा धरणारा ठरवतो; मुलाने फक्त समोर उभे राहायचे. मूल स्वतःची चित्रकथा काढू लागले की हे उलटते. काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हे तेच ठरवते. म्हणून आपल्या हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी-औंढा भागातल्या आंध मुलांमध्ये वावरणाऱ्यांनी ही रीत समजून घ्यावी, असे वाटते. त्यासाठी चित्रकार असावे लागत नाही.

शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' या संस्थेने ही रीत गावोगावच्या साध्या माणसांना शिकवली. ए-फोर आकाराचे दोन कागद जोडायचे, चार चौकटी पाडायच्या आणि एकच प्रसंग सांगायचा. मग झेरॉक्स काढून ते पान शाळेत, चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर चिकटवायचे.

अवघड काम सुरुवातीलाच असते. मुले आख्खे आयुष्य सांगायला बसतात. हवा असतो एक दिवस. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा असाच एक प्रवास सांगितला आहे. वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळल्यावर कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलेच बैलगाडी हाकतात. सोबत जेवण असूनही पाणी मिळत नाही, म्हणून रात्री उपाशी झोपतात. सारा काळ त्या एका रात्रीत दिसतो.

या आठवणींवर २०११ मध्ये 'भीमायन' ही चित्रकथा निघाली. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड दांपत्याची. पात्रांना चौकटीत कोंडायला त्यांनी नकार दिला. त्यांची पाने मोकळी आहेत. बोलण्याचे फुगेही त्यांचे वेगळेच. मायेच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, बोचणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, आणि मनातल्या विचाराला डोळा. तेव्हा चार चौकटी ही नवशिक्यांची सोय आहे, नियम नव्हे. एखाद्या मुलाला त्या नको असतील तर पट्टी बाजूला ठेवावी.

बाकी कामाच्या गोष्टी थोड्याच. आधी पेन्सिलीने काढावे, मग काळ्या पेनाने गिरवावे, कारण झेरॉक्समध्ये पेन्सिल पुसट येते. अक्षरे आधी लिहून मगच भोवती फुगा काढावा, नाहीतर शेवटचा शब्द कोपऱ्यात चेंगरतो. स्वतःचा चेहरा प्रत्येक चौकटीत सारखा जमत नाही. त्यापेक्षा एखादी खूण धरावी: दोन वेण्या, शिवलेले दप्तर. घरच्यांना पान दाखवून त्यांची परवानगी घ्यावी, आणि मुकादमासारख्या माणसाचे नाव बदलावे. पान भिंतीवर लागणार आहे, आणि मुलाला त्याच गावात राहायचे आहे.

समजा, एका मुलीचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले आणि ती आजीजवळ राहिली. आपण मोठ्यांनी हे पान काढले तर गरिबी, उचल, शाळेची गळती असे सगळे त्यात कोंबू. तिचे पान कदाचित असे होईल. पहिल्या चौकटीत भांडीकुंडी लादलेला ट्रॅक्टर. दुसऱ्या चौकटीत रात्रीचा फोन: "मी बरी हाय." त्या फुग्याशेजारी दुसरा फुगा, डोळा असलेला, आणि आत काहीच लिहिलेले नाही. इथे सांगणाऱ्याला मोह होतो, "आत काय लिहू?" असे विचारण्याचा. विचारू नये. तिसऱ्या चौकटीत पाडव्याच्या सुमारास परतलेली आई, हातात नवा फ्रॉक. चौथ्या चौकटीत तोच फ्रॉक अंगात घातलेली मुलगी. तो गुडघ्यांच्या बराच वर आला आहे.