मित्राबरोबर धंदा करताय? आधी रॉब आणि बिगची गोष्ट ऐका



आपल्या कर्जत-खालापूरच्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा सहसा एकटा नसतो, शेजारच्या खुर्चीवर त्याचा जिगरी दोस्त बसलेला असतो. "सर, आम्ही दोघं मिळून काहीतरी सुरू करायचं म्हणतोय. शाळेपासून एकत्र आहोत. पार्टनरशिप चालेल ना?"

मी दोघांच्या चेहऱ्याकडे बघतो आणि मला माझाच जुना फोटो आठवतो. त्या फोटोबद्दल पुढे सांगतोच. आधी एका टीव्ही शोची गोष्ट सांगतो. शो अमेरिकेचा आहे, विनोदी आहे, आणि वरवर बघितलं तर धंद्याशी त्याचा काही संबंध नाही. पण दोन दोस्तांनी एकत्र कमाई करायची म्हटलं की काय काय होतं, ते सगळं त्यात आहे.

वॉचमनला तोंड द्यायला स्वतःचाच वॉचमन

रॉब डिर्डेक हा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला पोरगा. स्केटबोर्ड म्हणजे चार चाकांची फळी, तिच्यावर कसरती करणं हा त्याचा धंदा. सोळाव्या वर्षीच तो व्यावसायिक खेळाडू झाला. डीसी शूज या कंपनीत त्याच्या नावाचे बूट निघायचे.

स्केटबोर्डवाल्यांची एक कायमची डोकेदुखी असते. कसरतीला चांगल्या पायऱ्या आणि कठडे सापडतात ते ऑफिसच्या आवारात नाहीतर एखाद्या सरकारी इमारतीसमोर. चित्रीकरण सुरू केलं की पाच मिनिटांत सिक्युरिटी गार्ड येतो आणि हाकलून देतो. 2003 मध्ये डीसी शूजचा एक व्हिडिओ बनत होता. तेव्हा रॉबने डोकं लढवलं: गार्ड आपल्याला त्रास देतो ना? मग आपणच आपला गार्ड ठेवू!

त्या कामासाठी आला ख्रिस्तोफर बॉयकिन, म्हणजे 'बिग ब्लॅक'. अंगाने पहाडासारखा, पूर्वी नौदलात काम केलेला, आणि तोंडाने भलताच गोड. गार्ड आला की बिग त्याच्याशी गप्पा मारत बसायचा, तोवर रॉब आपली कसरत उरकून घ्यायचा. बघणाऱ्यांना कसरतीइतकीच ही जोडी आवडली.

इथे थांबा आणि एक गोष्ट लिहून घ्या. या जोडीची सुरुवात एका ठरलेल्या कामापासून झाली. कोणाचं काम काय, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोस्ती त्या कामातून वाढत गेली.

दोस्ती हाच माल

2 नोव्हेंबर 2006 ला एमटीव्हीवर 'रॉब अँड बिग' सुरू झाला. लॉस एंजेलिसमध्ये रॉबच्या घरात दोघं एकत्र राहतात, कॅमेरा मागे फिरतो, बस्स. कथा म्हणावी तर काहीच नाही. मीटी नावाचा बुलडॉग आहे, एक बुटका घोडा पाळलाय, एका भागात दोघं गिनेस विक्रम मोडायला बसतात. रॉब बारीक, गोरा आणि सतत नवीन खूळ काढणारा. बिग धिप्पाड, काळा आणि त्या खुळाला हसत-हसत साथ देणारा. 'डू वर्क' हे बिगचं पालुपद, म्हणजे आपल्या भाषेत 'लाग कामाला!'

लोक काय बघत होते? दोन माणसं एकमेकांची टिंगल करतात पण एकमेकांना सोडत नाहीत, हे बघत होते. म्हणजे दुकानात ठेवलेला माल होता दोस्ती. माल अव्वल होता, आणि तीन सीझन चालला.

15 एप्रिल 2008 ला शेवटचा भाग दाखवला गेला. शेवटी-शेवटी दोघांमध्ये ताण आला होता. त्याच सुमारास बिग बाप झाला. माणूस बाप झाला की त्याचा हिशेब बदलतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवसभर घरात धिंगाणा घालणं हा एकट्या माणसाचा धंदा झाला, बाळाच्या बापाला तो कसा झेपणार?

आता पुढे काय झालं ते बघा. रॉबकडे शोच्या आधीपासून स्वतःचा खेळ होता, बूट होते, नाव होतं. 2009 मध्ये त्याने 'फँटसी फॅक्टरी' हा नवा शो आणला, 2010 मध्ये 'स्ट्रीट लीग' ही स्केटबोर्डची स्पर्धा सुरू केली, 2011 मध्ये 'रिडिक्युलसनेस' आला. 2016 मध्ये त्याने नवे धंदे उभे करणारी 'डिर्डेक मशीन' ही कंपनी काढली. बिगनेही कपड्यांचा ब्रँड केला. पण लोकांच्या डोक्यात त्याची ओळख त्या जोडीतला एक अशीच राहिली.

चांगली बाजू अशी की दोघांचं पुन्हा जमलं. रॉबच्या पुढच्या शोंमध्ये बिग पाहुणा म्हणून आला, तीच मस्करी, तेच हसणं. आणि मग 9 मे 2017 ला बिग हृदयविकाराने गेला. वय 45. रॉबशी बोलणं परत सुरू झालं होतं, एवढं तरी बरं. मी जेव्हा हे वाचलं तेव्हा उठून एक फोन केला. कोणाला, ते पुढे सांगतो.

आपल्याकडची जोडी: अमेय आणि निपुण

तुम्ही म्हणाल, सर, ही अमेरिकेची कौतुकं आम्हाला काय कामाची? मग आपल्या मराठीतलं बघू.

2016 मध्ये 'भारतीय डिजिटल पार्टी', म्हणजे आपली भाडिपा, यूट्यूबवर आली. सारंग साठये, पॉला मॅकग्लिन आणि अनुषा नंदकुमार हे तिचे संस्थापक. त्यांची गाजलेली पहिली मालिका होती 'कास्टिंग काउच विथ अमेय अँड निपुण'. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी, पुण्याच्या नाटकांत एकत्र वाढलेले दोन दोस्त, स्वतःच्याच नावाने पडद्यावर आले. राधिका आपटेसारखी नावाजलेली नटी समोर बसलीय आणि हे दोघं सिनेमा काढणारे मोठे लोक असल्याचा आव आणून तिला भलतेसलते प्रश्न विचारतायत. खरं काय आणि नाटक काय, हे कळूच नये अशी ती गंमत.

पण धंद्याच्या नजरेने बघा. पडद्यावर दोस्ती दोघांची, पण चॅनेल तिसऱ्यांचं. चॅनेल सांभाळायचं, ते वाढवायचं, ही जबाबदारी दोघा दोस्तांच्या डोक्यावर नव्हती. आणि दोघांचं स्वतःचं काम वेगळं होतं. त्याच वर्षी 'अमर फोटो स्टुडिओ' हे नाटक आलं, त्यात निपुण दिग्दर्शक आणि अमेय नट. 2017 मध्ये निपुणने 'बापजन्म' हा सिनेमा केला, अमेयचे 'मुरांबा' आणि 'फास्टर फेणे' आले. 2022 मध्ये 'मी वसंतराव'मध्ये दोघं परत एकत्र: निपुण दिग्दर्शक आणि अमेय मास्टर दीनानाथांच्या भूमिकेत.

म्हणजे काय? एकत्र यायचं, काम करायचं, आपापल्या वाटेने जायचं, परत यायचं. प्रत्येक वेळी कोण काय करणार ते स्पष्ट. एकाचं पोट दुसऱ्यावर पूर्णपणे अवलंबून नाही, म्हणून दोस्तीवर भार येत नाही.

आता माझा फोटो

ट्रेनर होण्याआधी मी आणि माझा शाळेतला मित्र फार्महाऊसवर जेवण पोचवायचो. आपल्याकडे हा धंदा कसा चालतो ते तुम्हाला माहीतच आहे. पाऊस लागला की धबधब्याला मुंबईची गर्दी, थंडीत पोपटी, 31 डिसेंबरला तर विचारू नका. तो स्वयंपाक बघायचा, मी ऑर्डरी, टेम्पो आणि पैसे. सव्वा लाख मी घातले, चाळीस हजार त्याने. फायदा निम्मा-निम्मा. कागद? "आपल्यात कसला कागद रे!" हे वाक्य दोघंही एकाच वेळी बोललो होतो.

पहिली दोन वर्षं मजेत गेली. तिसऱ्या वर्षी त्याचं लग्न झालं. जुलैतल्या एका रविवारी पहाटे चारपासून तो भट्टीपुढे उभा होता. रात्री हिशेबाला बसलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "मला महिन्याला काहीतरी ठरलेली रक्कम दे. वरचा फायदा निम्मा राहू दे." मी म्हणालो, "मग माझ्या सव्वा लाखाचं व्याज कोण देणार?"

बस्स, एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. पण त्या दिवसापासून दोघंही मनात वेगवेगळी वही लिहायला लागलो. त्याच्या वहीत पहाटेचे चार वाजायचे, माझ्या वहीत सव्वा लाख. दिवाळीपर्यंत टेम्पो विकला. पुढे तीन वर्षं आम्ही बोललो नाही. एकाच गावात राहून! कर्जत स्टेशनवर तो वडापावच्या गाडीजवळ दिसला की मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जायचो.

बिग गेल्याची बातमी वाचून मी फोन केला होता तो त्यालाच. त्याने उचलला. आता आम्ही चहा पितो, त्याच्या मुलीच्या बारशाला नव्हतो याची बोचणी मात्र राहिलीय.

कायदा काय म्हणतो

हे सगळं झाल्यावर मी भारतीय भागीदारी कायदा, 1932 नीट वाचला. आधी वाचायला हवा होता. तुम्ही आजच समजून घ्या:

- तुम्ही काहीच ठरवलं नसेल तर फायदा आणि तोटा समान वाटला जातो. भांडवल कोणी किती घातलं हे बघितलं जात नाही.
- ठरवलं नसेल तर पार्टनरला कामाचा पगार मागता येत नाही, तो पहाटे चारला उठत असला तरी.
- ठरलेल्या भांडवलाच्या वर कोणी पैसे घातले, तर त्यावर वर्षाला 6 टक्के व्याज. मूळ भांडवलावर व्याज हवं असेल तर ते आधी ठरवावं लागतं.
- फर्मच्या देण्याला प्रत्येक पार्टनर एकत्र आणि एकेकटाही जबाबदार. मित्राने फर्मच्या नावावर किराणा उधार आणला, तर दुकानदार पूर्ण रक्कम तुमच्याकडे मागू शकतो.
- फर्मची नोंदणी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे केली नसेल, तर करारातला हक्क मिळवायला पार्टनरवर किंवा बाहेरच्यावर दावा लावणं जवळपास अशक्य होतं.
- मुदत किंवा शेवट ठरवला नसेल, तर कोणताही पार्टनर लेखी नोटीस देऊन फर्म मोडू शकतो.

म्हणजे त्या रात्री कायदा माझ्या बाजूने होता. पगाराचं काही ठरलंच नव्हतं. आणि तरीही चूक माझी होती. कागद नसला की कायदा सगळ्यांना एकच माप लावतो, आणि ते माप तुमच्या धंद्याला बसेलच असं नाही.

कर्जत स्टेशनवरचा धडा

पुण्याकडे जाणारी जड गाडी कर्जतला थांबते. बोरघाटाचा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून मागून बँकर इंजिनं लावतात. ती गाडीला ढकलत घाट चढवतात आणि लोणावळ्याला सुटी होतात. आपण लहानपणापासून हे बघत आलोय.

पुढचं इंजिन ओढतं, मागचं ढकलतं. कोणी कोणाच्या जागेवर जात नाही. आणि कुठे सुटायचं, हे जोडतानाच ठरलेलं असतं. म्हणून सुटताना कोणी रुसत नाही, आणि पुढच्या गाडीला परत जोडता येतं.

रॉब आणि बिगचं जोडणं झकास होतं, सुटणं ठरलेलं नव्हतं. माझंही तसंच झालं.

तुमचा गृहपाठ

मित्राबरोबर धंदा करू नका, असं मी म्हणणार नाही. अडचणीच्या दिवशी रात्री अकराला टेम्पो घेऊन येतो तो मित्रच असतो. फक्त या रविवारी दोघं चहाला बसा आणि वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांचं न बघता, या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा:

1. रोजचं कोणतं काम कोणाचं? शेवटचा निर्णय कोणाचा?
2. कामाचा मोबदला किती, भांडवलाचा किती? हे दोन्ही वेगळे लिहा.
3. उधारी आणि कर्ज किती रकमेपर्यंत एकट्याने करायचं?
4. लग्न, बाळ, आजारपण, नोकरी, यातलं काही आलं तर काय बदलेल?
5. सुटायचं झालं तर टेम्पो कोणाचा, नाव कोणाचं, गिऱ्हाईकांचे नंबर कोणाचे?

मग कागदांची अदलाबदल करा. जिथे उत्तरं जुळणार नाहीत, तिथे खरी चर्चा आहे. ती आज चहावर करा, जुलैच्या गर्दीत भट्टीपुढे करू नका. जुळलं की वकिलाकडून भागीदारी करारनामा करून घ्या आणि फर्म नोंदवा.

आणि "आपल्यात कसला कागद" असं तोंडातून निघालंच, तर माझी तीन वर्षं आठवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर, बिगच्या शब्दांत सांगायचं तर, लागा कामाला!